भट्टीवरचा आळ

गावात माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात. सरपंचानं शाळेच्या पटांगणात कडब्याची गंजी रचली, तेव्हा मी त्याला भर ग्रामसभेत फैलावर घेतलं होतं. केंद्रप्रमुख, पोषण आहाराचा तांदूळ आणणारा, आमचे हे, माझ्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण अयोध्याताईंची गोष्ट सांगायची म्हणजे या फटकळ तोंडाचीही सांगावी लागते. एरवी कुठंही चालणारं हे तोंड जिथं चालायला हवं होतं तिथं मिटून राहिलं.

बदली होऊन मी ईट गावच्या शाळेत आले त्याला चौदा वर्षं झाली. भाड्याचं घर मिळालं ते उत्तरेश्वररावांच्या खवा भट्टीच्या बरोब्बर समोर. पहिल्याच आठवड्यात धुरानं मी इतकी वैतागले की पदर खोचून भांडायला गेले. पत्र्याचं शेड, मातीची भट्टी, तिच्यावर मोठी लोखंडी कढई, कढईत रटरटणारं दूध, आणि समोर पाटावर बसलेली एक सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं माझं सगळं भांडण ऐकून घेतलं. दूध हलवणारा हात काही थांबला नाही. मग उलथन्याच्या टोकावर गरम खवा घेऊन पळसाच्या पानावर ठेवला आणि माझ्यापुढं केला.

"आधी तोंड ग्वाड करा बाई. मंग भांडा. भांडणाला लई येळ हाय."

त्या अयोध्याताई. ते भांडण मी पुन्हा कधी उकरून काढलं नाही.

आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. पण अयोध्याताईंचं काम वेगळं होतं. खवा कधी उतरवायचा हे बाकीचे लोक डोळ्यांनी ठरवतात, कुणी बोटांत चोळून बघतं. अयोध्याताई उजव्या हातानं उलथनं फिरवायच्या आणि डावा हात पालथा करून कढईच्या वर वीतभर अंतरावर धरायच्या. वाफ ओली लागली की खवा कच्चा. वाफ कोरडी होऊन तळहाताला चटका बसला की त्या म्हणायच्या, "झालं." एवढा शब्द ऐकला की उत्तरेश्वरराव काही न बोलता कढई खाली ओढायचे. नवरा म्हणून त्यांनी बायकोचं बाकी किती ऐकलं ते मला माहीत नाही, पण त्या एका शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. येरमाळ्याचे पेढेवाले शरणबसप्पा चैत्राच्या यात्रेला याच भट्टीचा खवा घ्यायचे. "अयोध्यावैनीचा हात हाय," म्हणायचे आणि गोळा फोडूनही बघायचे नाहीत.

हा हात त्यांना सासूनं शिकवला होता. तुळजाबाई तिचं नाव. मी आले तेव्हा ती वारलेली होती, पण अयोध्याताईंच्या तोंडून ती मला पाठ झाली होती. फार कडक. सुनेचा हात वाफेवर धरून ठेवायची आणि विचारायची, "काय म्हणती वाफ?" चुकलं की कोपरात चापट. सासूबद्दलची एक गंमत अयोध्याताई नेहमी सांगायच्या. पन्नाशीच्या आसपास म्हातारीच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, भर थंडीच्या दिवसांत ती ओलं पोतं अंगावर घेऊन भट्टीपुढं बसायची. मध्येच तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. कुणी बोललं की अंगावर धावून यायची. "लोकं म्हणायची, तुळजाबाईला येड लागलं," असं म्हणून अयोध्याताई हसायच्या. मीही हसायचे.

भट्टीचा एक नियम होता. पाळीच्या चार दिवसांत बाईनं कढईला शिवायचं नाही. खवा पेढ्याला जातो आणि पेढा येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढं. त्या चार दिवसांत उत्तरेश्वरराव पाटावर बसायचे आणि दूध हमखास तळाला लागायचं. अयोध्याताई लांब दगडावर बसून नुसत्या वासावरून ओरडायच्या, "सरपण मागं वढा की! करपायलंय!" मी एकदा या नियमावर त्यांना मोठं व्याख्यान दिलं. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं आसंल बाई. पर आमची देवी तुमच्या साळंत शिकल्याली न्हाय."

त्या चार दिवसांचं त्यांना मनापासून दुःख होतं. सासू सांगून गेली होती, "पाळी गेली की बाई भट्टीची खरी मालकीण व्हती. तवर नुसती पाव्हणी." म्हणून बाकीच्या बायका ज्या गोष्टीला भितात, तिची अयोध्याताई वाट बघत होत्या. अडीच वर्षांपूर्वीच्या शिमग्यानंतर त्यांची पाळी आली नाही. वर्षभर थांबून, खात्री करून, त्यांनी येरमाळ्याला जाऊन देवीला नारळ वाढवला आणि मला पेढा आणून दिला.

"सुटले बगा बाई. आता तीसच्या तीस दिस भट्टी माजी."

इतका आनंदलेला चेहरा मी त्यांच्या मुलाच्या, युवराजच्या लग्नातही पाहिला नव्हता. तो पेढा मी खाल्ला, पण मला त्यांच्यासारखा आनंद झाला नाही. कारण पाळी गेल्यावर काय काय येतं हे मला तोवर माहीत झालेलं होतं.

माझी स्वतःची पाळी त्यांच्या थोडी आधी थांबली होती. वर्गात फळ्यावर भागाकार मांडताना छातीतून धग उठायची, मानेवरून कानांपर्यंत चढायची, आणि बघता बघता ब्लाउज पाठीला चिकटायचा. वरून छातीत धडधड. चौथीची पोरं माझ्याकडं टकामका बघत राहायची. मला वाटलं हृदयाचं काहीतरी आहे, आता मी मरते. बहिणीकडे जाते असं आमच्या ह्यांना सांगून मी बार्शीला एका बाईडॉक्टरकडं गेले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची पोरगी. तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी थांबते तेव्हा शरीरातला एक रस कमी होतो, मग अंगाची गरमी सांभाळणारी व्यवस्था बिघडते. धग येते, रात्री घामानं अंथरूण भिजतं, झोप उडते, चिडचिड होते. कुणाला वर्षभर, कुणाला सात-आठ वर्षं. एकेक धग दोन-चार मिनिटांची असते, येते तशी जाते. याला घाबरायचं नाही, पण मुकाट सोसायचंही नाही, यावर इलाज आहेत, असं ती म्हणाली. तिनं तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, चहा आणि तिखट कमी करायला सांगितलं.

मी हलकी होऊन परत आले आणि कुणालाही काही सांगितलं नाही. गोळ्या ऍसिडिटीच्या आहेत असं घरात सांगून टाकलं. आमच्या ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कोकमाचं सरबत आणून दिलं, बिचाऱ्यांनी. का लपवलं? लाज वाटली, दुसरं काय. पाळीची नव्हे, म्हातारपणाची. शाळेत दोन तरुण शिक्षिका नव्यानं लागल्या होत्या आणि त्यांच्यापुढं मला म्हातारी व्हायचं नव्हतं. इतकं क्षुल्लक कारण. मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

अयोध्याताईंच्या अंगातही धग सुरू झाली होती. पण त्यांना ती ओळखणार कशी? बाईचा सगळा दिवस विस्तवापुढं. घाम आला तर भट्टीचा, तोंड लाल झालं तर भट्टीनं. दुसरी एखादी बाई घरात भाकरी थापताना दचकली असती. अयोध्याताई पदरानं मान पुसायच्या आणि उलथनं फिरवायच्या. फक्त रात्रीचं कोडं त्यांना उलगडत नव्हतं. गोधडी भिजून जायची आणि त्या ओट्यावर येऊन बसायच्या. समोरच्या ओट्यावर मी आधीच बसलेली असायचे.

"झोप न्हाय का बाई?"

"डास फार झालेत."

"व्हय, लई डास झाल्यात."

पौष महिना, अंगावर शाल घ्यावी अशी थंडी, आणि आम्ही दोघी घामानं निथळत डासांना शिव्या घालत होतो. त्यांना कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी डास म्हणत होते.

गेल्या वर्षीच्या चैत्रात व्हायचं ते झालं. यात्रेला आठ दिवस राहिले होते. शरणबसप्पांच्या मागणीसाठी सकाळपासून घाण्यामागून घाणा चालू होता. मी संध्याकाळी दूध आणायला गेले होते. अयोध्याताईंचा डावा हात कढईवर धरलेला होता. बघता बघता त्यांची मान लाल झाली, ओठावर घामाचे थेंब साचले. आणि त्या म्हणाल्या, "झालं."

"आत्ताच?" उत्तरेश्वरराव पहिल्यांदाच म्हणाले. "पातळ दिसतंय की."

"झालं म्हणते न्हवं! मला शिकवायलाव का?"

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. उत्तरेश्वररावांनी कढई ओढली. त्या संध्याकाळचे चार-पाच घाणे असेच उतरले.

तिसऱ्या दिवशी येरमाळ्याहून टेम्पो परत आला. खव्याच्या गोळ्यांना पाणी सुटलं होतं आणि आंबूस वास येत होता. शरणबसप्पा फोनवर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काळजीनं म्हणाले, "वैनी, ह्यो तुमचाच हात हाय, का दुसरं कुणी बसलं व्हतं?"

अयोध्याताईंनी फोन युवराजच्या हातात दिला. एका गोळ्यात अंगठा रुतवला, वास घेतला आणि सगळे गोळे स्वतः उचलून उकिरड्यावर नेऊन टाकले. येताना माझ्या दारात थांबल्या. त्यांचा डावा हात त्यांनी माझ्यापुढं धरला, जसा काही मी तो तपासणार होते.

"बाई, माजा हात माज्याशी खोटं बोलायलाय."

खरं काय घडलं होतं ते मला आत्ता इतकं स्पष्ट दिसतं की हात चोळावेसे वाटतात. धग त्यांची स्वतःची होती. त्यांना ती कढईची वाटली.

मग उपायांची रांग लागली. कुणी म्हणालं सब्जा भिजवून प्या, कुणी गुलकंद, कुणी धन्या-जिऱ्याचं पाणी. गावातल्या एका दवाखान्यात सलाईनची बाटली चढवून झाली. बाटली संपायच्या आत त्यांना दोनदा घाम फुटला, पण तिथं कुणी विचारलं नाही की पाळी कधी गेली. त्यांनीही सांगितलं नाही. पुरुष डॉक्टरला काय सांगायचं ते? शेवटी निदान उत्तरेश्वररावांनीच केलं. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "तीस वर्षं धगीपुढं बसलीस. धग हाडात मुरलीय तुज्या. भट्टी सोड, आपसूक उतरंल."

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. तीस वर्षं विस्तवापुढं बसलेल्या बाईच्या अंगात धग शिरली, यापेक्षा सरळ गोष्ट कोणती?

अयोध्याताईंना मात्र पुरतं पटलं नव्हतं. श्रावणात एका दुपारी त्या माझ्याकडं आल्या. बाहेर युवराज मोटारसायकलला दुधाचे कॅन बांधत होता. त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या, खुर्चीवर कधी बसल्या नाहीत.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्याल्या. खरं सांगा. ह्ये भट्टीनंच व्हायलंय ना? का दुसरं काय आसंल? भट्टी सोडली तर म्या करू काय दिसभर? पर सोडून बरं व्हणार आसंल तर सोडते."

माझी पर्स त्यांच्या डोक्यावर खुंटीला लटकत होती. पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट होतं. मी उघड्या दारातून युवराजकडं बघितलं. पोराच्या वयाच्या माणसासमोर कसं बोलायचं, असं मनाशी म्हणाले.

"धग वाईटच असते, अयोध्याताई," मी म्हणाले. "थोडे दिवस सोडून बघा."

युवराज गाडी चालू करून निघून गेला. त्या आणखी अर्धा तास बसल्या होत्या. आमच्या दोघींशिवाय घरात कुणी नव्हतं. मी त्यांना चहा करून दिला आणि शाळेतल्या नव्या बाईंच्या ड्रेसबद्दल बोलले. त्यांनी तोंडदेखलं हसून घेतलं आणि कप विसळून ठेवला. जाताना म्हणाल्या, "तुमी म्हणला म्हंजी खरं आसंल."

दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी भट्टीची पूजा केली आणि उलथनं सुनेच्या, शिवांजलीच्या हातात दिलं. पोरगी चांगली. बारावी झालेली, कामाला वाघ. पण विस्तवापुढं तिचे डोळे चुरचुरायचे आणि वाफेची भाषा तिला कळत नव्हती. अयोध्याताई शिकवायला बसल्या की उत्तरेश्वरराव ओरडायचे, "पुन्हा धगीपुढं चाललीस का?" मग त्या लांब, पाळीच्या दिवसांत बसायच्या त्याच दगडावर जाऊन बसायच्या. पाळी संपली की भट्टीची मालकीण होणार म्हणून वाट बघितली आणि आता बाराही महिने दगड नशिबी आला. हे मी म्हणत नाही, त्याच एकदा म्हणाल्या.

युवराजनं महिनाभर बघितलं आणि व्यवहारी विचार केला. गॅसवर चालणारी, मोटरनं दूध ढवळणारी कढई घ्यायचं ठरलं. वेळ लावला की घंटी वाजते, हाताचं काम नाही. जागा तेवढीच, म्हणून मातीची भट्टी पाडायची. त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. आईचीच तब्येत सांभाळत होता तो.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी भट्टी पाडायला माणूस आला. रविवार, म्हणून मी घरी होते. पहारीच्या पहिल्या घावाला मातीचा पोपडा निघाला, आतून धुरानं काळ्या झालेल्या विटा दिसल्या. ती भट्टी तुळजाबाईनं स्वतःच्या हातानं घातली होती आणि दर पाडव्याला अयोध्याताईंनी लिंपली होती. अयोध्याताई शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मी आमच्या दारात उभी होते. मध्ये जेमतेम पंधरा पावलांचा रस्ता. मनात आलं, आत्ता जावं आणि पहार धरावी, म्हणावं थांबा, या बाईला काय होतंय ते मला माहीत आहे. पण मग प्रश्न आला असता की इतके दिवस का बोलला नाहीत. त्या प्रश्नाच्या भीतीनं माझे पाय उंबऱ्यातून हलले नाहीत. तासाभरात भट्टीचा ढिगारा झाला. दुपारी ट्रॅक्टर येऊन घेऊन गेला.

माघात अयोध्याताई माझ्याकडं आल्या. सकाळची वेळ, ऊन कोवळं, मी तांदूळ निवडत होते. त्यांच्या अंगातलं बळच गेलं होतं. नेहमीचा स्टीलचा डबा हातात होता, पण रिकामाच. यंत्राचा खवा त्यांनी मला कधी आणून दिला नाही. त्या खाली बसल्या आणि बसल्या बसल्याच त्यांच्या मानेवर लाली चढली. कपाळावरून घाम ओघळला. माघाची थंडी होती, मी स्वेटर घालून बसले होते.

"बगा बाई," त्या म्हणाल्या. "बगा आता. भट्टी कुठं हाय? तीन महिनं झालं धगीपुढं गेले न्हाय. तरीबी तसंच यायलंय. दिसा यायलंय, रातच्याला यायलंय." त्यांनी पदरानं तोंड झाकलं आणि पदराआडून रडल्या. "म्या भट्टीवर आळ घेतला बाई. बिचारीचा काई गुन्हा नव्हता. सासूनं घातल्याली भट्टी, म्या तिच्यावर आळ घेऊन पाडली."

मला ते ऐकवेना. ताट बाजूला सारलं, उठले, पर्समधलं पाकीट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगून टाकलं. पाळी, तो रस, धग, घाम, झोप, चिडचिड. बार्शीची डॉक्टर. तिनं काढलेलं चित्रही मी तांदळाच्या ताटात बोटानं काढून दाखवलं. सवय, दुसरं काय.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. माझ्या वर्गात इतकं लक्ष कुणी कधी दिलेलं नाही. मध्येच म्हणाल्या, "म्हंजी सासूचं पोतं..." आणि थांबल्या. "तिलाबी ह्येच आसंल. आन आमी हसायचो." मग त्यांनी विचारलं, "ही धग किती येळ ऱ्हाती म्हणला?"

"एका वेळेला दोन-चार मिनिटं."

"दोन मिंटं?" त्यांनी आपला डावा हात पालथा करून बघितला. "म्हंजी तवा म्या सरपण मागं वढून दोन मिंटं थांबले आसते, आन पुन्हा हात धरला आसता, तर..."

"हो," मी म्हणाले.

बाहेर त्यांच्या शेडमध्ये मोटर घुमत होती. धग उतरली, त्यांनी तोंड पुसलं.

"तुमाला कवाधरनं म्हाईत व्हतं?"

खोटं बोलायची सोय होती. दोन महिने म्हणता आलं असतं. "तुम्ही येडेश्वरीचा पेढा आणून दिलात ना," मी म्हणाले, "त्याच्याही आधीपासून."

त्या रागावतील, शिव्या देतील असं मला वाटलं. मनातून तेच हवं होतं मला. त्यांनी पाकीट उचलून माझ्या ताटाशेजारी नीट ठेवलं, रिकामा डबा घेतला आणि उठल्या. उंबऱ्यात जाऊन वळल्या.

"भट्टी पाडाया माणूस आला, त्या दिशी तुमी हितं दारात उभ्या व्हत्या," एवढंच म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या.

त्यांना बार्शीला घेऊन जायचं मी नंतर दोनदा सुचवलं. गेल्या त्या, पण माझ्याबरोबर नाही, शिवांजलीबरोबर. रात्री समोरच्या ओट्यावर त्या अजून कधी कधी येऊन बसतात. डासांबद्दल बोलत नाहीत. काहीच बोलत नाहीत.

बार्शीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी वीज गेली होती. यंत्राची मोटर बंद, म्हणून शेडमधला आवाज रस्त्यापलीकडं स्वच्छ ऐकू येत होता. त्या सुनेशी बोलत होत्या, आणि मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या. उत्तरेश्वरराव तिथंच होते, युवराजही होता.

"नीट ऐकून ठिव शिवांजली. बाईची पाळी जाती तवा अंगातनं धग उठती. भट्टी आसू दे नाय तर नसू दे. तुज्या आज्जेसासूला झालं, मला झालं, उद्या तुलाबी व्हईल. मरत न्हाय त्यानं कुणी. दोन मिंटं थांबायचं, उतरती. तवा कुणी म्हणलं हातातलं काम सोड, तर सोडू नगंस."

उत्तरेश्वरराव मान खाली घालून दुधाचे कॅन विसळायला लागले. कॅनचा खणखणाट झाला, तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"आन शेजारणीला इचाराया जाऊ नगंस," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडं जा."

मी दारात उभी होते.